तिसऱ्या टेबलावरची बाटली

नाना देवरे गेल्याची बातमी मला आमच्या स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. ती टाकणारा पहिला माणूस कोण होता ते पाहिलं आणि रडू यायच्या आधी मला राग आला. द्वितीय वर्षाचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल चालू होतं, मी टेबलांमधून फिरत होते, आणि एप्रनच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. मेसेज आमच्या माजी प्राचार्यांचा होता. 'विद्यार्थ्यांचे मन जाणणारा हाडाचा शिक्षक हरपला.' त्याखाली जोडलेले हात, पणती आणि एक कमळ. याच माणसाने सात वर्षांपूर्वी नानांना प्रयोगशाळेतून बाहेर काढण्याच्या आदेशावर सही केली होती. मग बाकीच्यांचे हात जोडले जायला लागले. नानांना 'लाडोबा मास्तर' म्हणणाऱ्यांनी जोडले, त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करणाऱ्यांनी जोडले. मी काही टाकलं नाही. मला तो अधिकारच नव्हता, कारण त्या आदेशामागे जो जबाब जोडलेला आहे, त्यावर सही माझी आहे.

दुपारच्या गाडीने मी जळगावहून धुळ्याला गेले. पारोळ्याला गाडी बराच वेळ उभी राहिली. खाली उतरून चहा घेतला आणि तो तसाच ठेवून परत येऊन बसले. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वहिनी आतल्या खोलीत बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमनं नाव त्यास्ना तोंडमा ऱ्हायेच, ताई." त्यांना काहीच माहीत नव्हतं. प्रॅक्टिकल का सुटलं असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा नाना एवढंच म्हणाले होते की हातांना आराम हवा होता. त्या माउलीने मला चहा विचारला, आणि तो नको म्हणायचीही मला लाज वाटली.

नानांचे हात म्हणजे... हिवाळ्यात ते भेगाळून पांढरे पडायचे. दिवसभर पाण्यात. प्रयोगशाळेत काचसामान धुवायला परिचर असतात, प्राध्यापकाने नळाखाली हात घालायचं काही कारण नसतं. पण मी असोद्याहून तासिका तत्त्वावर शिकवायला म्हणून या कॉलेजात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी जे दृश्य पाहिलं ते हेच. तीसेक विद्यार्थी टेबलांभोवती उभे, आणि त्यांचे सर त्यांच्याकडे पाठ करून, बेसिनवर वाकून, धुतलेलंच चंचुपात्र पुन्हा धुताहेत. नळ मोठा सोडलेला. आणि मुलांकडे न पाहताच ते म्हणत होते, "बठ्ठं ईचारी ल्या एकमेकस्ले, मी हात धुई ऱ्हायनू."

ही त्यांची रीत होती. प्रयोग समजावून सांगायचा, फळ्यावर चार ओळी लिहायच्या, आणि मग सरळ बेसिनकडे जाऊन पाठ करून उभं राहायचं. पाच मिनिटं, कधी सात. नळाच्या आवाजात वर्ग हळूहळू कुजबुजायला लागायचा. ज्याला समजलं नाही तो शेजारच्याला विचारायचा, शेजारच्याचंही अडलेलं असलं तर दोघं मिळून तिसऱ्याला. मग नाना नळ बंद करायचे, सावकाश हात पुसायचे आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे सुरू करायचे. कोणाला समजलं नाही, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "समोर उभं राहून विचारलं की सगळ्यांना समजलेलं असतं, ताई. माझं तोंड दिसलं की त्यांना लाज वाटते. मग तोंडच तेवढं बाजूला घ्यायचं."

मी हसले होते. नव्या नोकरीचा तोरा होता, आणि मला ते सगळं जरा गावठी वाटलं होतं. विभागात तर त्याला नावच पडलं होतं, 'नानांचा नळ'. टाकी रिकामी झाली की विभागप्रमुख म्हणायचे, देवरे सरांचा आज खुलासा फार अवघड होता वाटतं. नाना स्वतःही हसायचे. त्यांची अहिराणी आणि माझी असोद्याची बोली यांवरून आमची रोज जुंपायची. तुमच्या 'मले-तुले'ला केळीच्या पानाचा वास येतो, असं ते मला चिडवायचे, आणि तुमचं 'शे' ऐकलं की बाजरीची भाकरी आठवते, असं मी त्यांना. डबा मात्र एकत्र खायचो. त्यांच्याकडचे रश्श्यातले डुबुक वडे आले की मी माझा डबा उघडायचीच नाही.

आता माझ्याबद्दल. मी कडक होते. असोद्याची मुलगी विज्ञान शिकवायला उभी राहते तेव्हा मऊ वागणं तिला परवडत नाही, असं माझं ठाम मत होतं. नाना पुरुष होते, जुने होते, त्यांना चालत होतं. माझ्या टेबलाशी आलेल्या मुलाला उत्तर आलं नाही, तर मी त्याला सगळ्यांसमोर उभं करायची. विज्ञानात भावनेला जागा नसते, हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल... आज ते आठवलं की माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

लीलाधर त्याच काळात आला. फैजपूरकडचा, केळी पिकवणाऱ्या घरातला, उंच, खांदे पाडून चालणारा. बाकी विषयांत बरा होता, पण टायट्रेशनमध्ये पार वाया गेलेला. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली चंबूत आम्ल असतं, त्यात दर्शकाचे, म्हणजे इंडिकेटरचे, दोन थेंब टाकायचे, आणि वर लावलेल्या ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब सोडायचं. पाण्यासारखा दिसणारा द्रव एका थेंबाला फिकट गुलाबी होतो. तिथेच थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा लिहायचा. सगळा खेळ त्या एका थेंबाचा. लीलाधर कधीच थांबायचा नाही. त्याचा चंबू गडद गुलाबी व्हायचा तरी नळी चालूच. बाकीची मुलं तरी हुशार. आकडा चुकला तर मागच्या वर्षाच्या जर्नलमध्ये पाहून जुळवून घ्यायची. आमच्याकडे हे इतकं चालतं की त्याला कोणी लबाडी म्हणत नाही, 'रीडिंग बसवणं' म्हणतात. हा ते करायचा नाही. जे आलं ते लिहायचा, आणि ते दरवेळी चुकीचं असायचं.

एकदा मी त्याला टेबलाशीच उभं केलं. चंबू वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हटलं, "डोळे घरी ठेवून येतोस का रे कॉलेजात?" वर्ग हसला. तोही थोडा हसला. मी त्याच्या जर्नलवर 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला, खाली दोन रेघा ओढल्या.

ते जर्नल नानांनी पाहिलं. बराच वेळ पानं उलटत बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताई, निष्काळजी माणूस दोन्हीकडे चुकतो. कधी जास्त, कधी कमी. हा पोरगा दरवेळी एकाच बाजूला चुकतोय." मी म्हटलं, म्हणजे जास्तच निष्काळजी. त्यांनी जर्नल मिटून माझ्या हातात दिलं. मी रसायनशास्त्र शिकवते. यंत्रातल्या दोषामुळे येणारी चूक आणि हलगर्जीपणाची चूक यांतला फरक मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहून देते. तो फरक माझ्या हातातल्या जर्नलमध्ये होता, त्यांनी त्यावर बोट ठेवलं होतं, आणि मला तो दिसला नाही. डोळे कोणाचे घरी होते?

पुढच्या आठवड्यात नानांनी लीलाधरला तिसऱ्या टेबलावर घेतलं. ते बेसिनला सगळ्यात जवळचं टेबल. महिन्याभरात त्याची रीडिंग बरोबर यायला लागली. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. तसं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं.

मग विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक म्हणून एक गृहस्थ आले होते. असे परीक्षक सहसा खुर्ची सोडत नाहीत. चहा, नाश्ता, तोंडी परीक्षा, सह्या. हे मात्र उठून फिरायला लागले आणि नेमके तिसऱ्या टेबलाशी थांबले. लीलाधरच्या चंबूतला द्रव निळा झाला होता. सगळ्या प्रयोगशाळेत गुलाबी आणि एका चंबूत निळा. परीक्षकांनी आकडा पाहिला, तो अगदी बरोबर होता. त्यांनी दर्शकाची बाटली उचलून वास घेतला, नानांना बोलावलं. याला वेगळी बाटली कोणी दिली? नाना म्हणाले, मी. का दिली? नानांनी बाटली त्यांच्या हातातून घेऊन परत टेबलावर ठेवली. परीक्षकांनी लीलाधरला नेहमीच्या दर्शकाने पुन्हा करायला सांगितलं. तेव्हा नाना पुढे झाले आणि त्याच्या टेबलाआड उभे राहिले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "त्याचं रीडिंग बरोबर आहे. जे काय विचारायचं ते मला विचारा. त्याला पुन्हा उभं करायचं नाही." लीलाधरला मार्क मिळाले. तो पासही झाला. पण परीक्षकांनी पत्र लिहिलं की परीक्षेत एका विद्यार्थ्याला विशेष मदत देण्यात आली.

कॉलेजने तीन माणसांची समिती नेमली. सुट्टीचे दिवस होते, मुलं गावी गेलेली. नानांनी लेखी खुलासा दिला, एका ओळीचा. 'भरताना दर्शकाची बाटली माझ्याकडून चुकून बदलली गेली.' समितीने मला बोलावलं. माझा नोकरीत कायम होण्याचा प्रस्ताव तेव्हा प्राचार्यांच्या टेबलावर होता. तसं तिथे कोणी म्हणालं नाही, म्हणायची गरजही नव्हती. मला विचारलं गेलं, देवरे सरांकडून अशी चूक होऊ शकते का? मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, शक्य नाही. नाना बाटल्या स्वतः भरतात, स्वतः चिठ्ठ्या लावतात, मी एकदाही त्यांची बाटली चुकलेली पाहिली नाही. आणि एवढ्यावर मी थांबले नाही. "काही विद्यार्थ्यांवर ते जरा जास्त मेहेरबान असतात," असंही बोलून गेले. कोणी विचारलं नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडून का निघालं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे.

चौकशी दोन बैठकांत संपली. रसायनशास्त्रातल्या चौकशीत एकालाही ती बाटली मागवावीशी वाटली नाही. त्यात काय आहे, ते का दिलं असेल, निळा रंग कोणाच्या उपयोगाचा... तीन पीएचड्या टेबलाभोवती बसल्या होत्या आणि एकीलाही हा प्रश्न पडला नाही. मला धरून चार. नानांना परीक्षेच्या कामातून आणि सगळ्या प्रॅक्टिकलमधून काढलं. ते फक्त थिअरी शिकवायला उरले. उरलेल्या वेळात त्यांच्याकडे काय दिलं असेल? मूल्यांकन समितीची फाईल. त्यात एक रकाना असतो, 'विद्यार्थिकेंद्री संवेदनशील अध्यापनाच्या उत्तम प्रथा'. तो भरायचं काम नानांकडे आलं. त्यांनी तो नीट अक्षरात भरून दिला, दुसऱ्यांच्या नावाने.

मी कायम झाले. पेढे वाटले, नानांनीही एक घेतला. पुढे किती दिवस मी त्यांच्यासमोर डबा घेऊन बसायचं टाळलं. शेवटी तेच एकदा डुबुक वड्यांचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी काहीतरी बोलायला लागले, तर म्हणाले, "ताई, तुम्ही लिहून दिलंत की देवरेची बाटली चुकत नाही. एवढं चांगलं प्रशस्तिपत्र मला उभ्या नोकरीत कोणी दिलं नव्हतं." आणि हसले. मला त्या हसण्याचा इतका संताप आला. भांडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. कारण काय होतं ते सांगितलं असतं, तर मी तेव्हाच्या तेव्हा जबाब फाडला असता. त्यांनी मला ती संधी दिली नाही. नाना, हे तुम्ही बरोबर केलं नाहीत. तुम्ही मुलांना सांभाळून घेतलंत, मला मात्र सात वर्षं तशीच चुकू दिलीत. तीन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि धुळ्याला गेले. निरोप समारंभात मी पुष्पगुच्छ दिला.

नाना गेल्यावर पंधरा दिवसांनी कॉलेजात शोकसभा झाली. पडद्यावर नानांचा फोटो आणि त्याखाली ती फाईल. त्यांच्याच अक्षरातली पानं, आता त्यांच्या नावाने. माजी प्राचार्य वीस मिनिटं बोलले. विज्ञानाच्या वर्गात सहानुभूतीचं स्थान, असा जणू विषयच दिला होता त्यांना. 'देवरे सरांचा नळ' हा किस्सा त्यांनी डोळे पुसत सांगितला. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी उठले नाही. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं, मला भरून आलं आहे. मला ओरडायचं होतं.

सभा संपल्यावर मी प्रयोगशाळेत येऊन बसले, आणि मागोमाग दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. लीलाधर. आता फैजपूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. सरांची बातमी त्याला उशिरा कळली होती. इकडचं-तिकडचं बोलणं झालं आणि मग तो बेसिनकडे पाहत म्हणाला, "मॅडम, आता सांगतो. मले लाल-हिरवं नीट दिसत नाही. जन्मापासून. बाकीचे म्हनायचे आला, आला रंग, अन् मले पानीच दिसायचं."

घरी कोणाला कळलं नव्हतं का, मी विचारलं. तो म्हणाला, "आमच्याकडं घड हिरवाच कापतात. केळ भरलं का नाही ते बोटानं दाबून पाहतात. रंग कोन पाहतं?" त्याच्या चुलतभावाची हातातोंडाशी आलेली नोकरी वैद्यकीय तपासणीत याच कारणाने गेली होती. प्रवेशाच्या वेळी यानेही डोळे उत्तम असल्याचा दाखला जोडला होता. खरं सांगितलं तर विषयच सुटेल, दाखला खोटा म्हणून प्रवेशही जाईल, ही भीती. नानांनी त्याला एकट्याला बेसिनशी बोलावलं होतं. नळ सोडला, त्याच्याकडे पाठ केली आणि विचारलं, "रंग दिसस का रे तुले?" तो नळाच्या आवाजात नाही म्हणाला. "सरांनी मागं वळून पाहिलंच नाही, मॅडम. म्हनून सांगता आलं." पुढच्या प्रॅक्टिकलला तिसऱ्या टेबलावर वेगळा दर्शक होता, थायमॉलफ्थॅलिन. तो गुलाबी होत नाही, निळा होतो. निळं त्याला दिसायचं. तू स्वतः सांगेपर्यंत मी कोणाला सांगणार नाही, असा शब्द नानांनी दिला होता. तो कधी बोलला नाही, आणि नानांनी शब्द मोडला नाही. परीक्षेतल्या प्रकाराचं काय झालं, हे त्याने नंतर फोनवर विचारलं, तेव्हा सर म्हणाले होते की चुकून बदलली असं लिहून दिलं, विषय मिटला.

मग त्याने विचारलं, "पन सरांनी प्रॅक्टिकल का सोडलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. वय झालं होतं, हात दुखायचे... त्याने मानलंही असतं. नानांनी त्याच्यापासून जे लपवलं होतं ते मी लपवलं असतं, तर त्याला निवांत झोप लागली असती आणि मलाही. मी सांगितलं. समिती, आदेश, माझा जबाब, जबाबातलं न विचारलेलं वाक्य, सगळं. तो स्टुलावर बसून राहिला. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "तुम्ही मले म्हनल्या होत्या, डोळे घरी ठेवून येतो का. मी घरी जाऊन मायले सांगितलं होतं, मॅडम बरोबरच म्हनतात." उठताना त्याने विचारलं, बाटली आहे का अजून?

ती होती. बेसिनखालच्या कपाटात, चुन्याच्या निवळीच्या मागे, खालच्या फळीवर. तपकिरी काच, काचेचं बूच, तळाशी थोडा द्रव. चिठ्ठीवर नानांचं अक्षर, 'टेबल ३'. चिठ्ठी जाड लागली. आम्ही ती कोमट पाण्यात धरली. वरची सुटली आणि खाली दुसरी निघाली, 'टेबल ७'. तिच्याखाली 'टेबल १'. मग पुन्हा 'टेबल ४'. पाच मी मोजल्या, सहावी हातात विरघळून गेली. लीलाधर पहिला नव्हता. नाना वर्षानुवर्षं एकेका मुलाला शोधून काढत होते, त्याच्या टेबलावर गुपचूप ही बाटली ठेवत होते, आणि एकाचंही नाव त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. आणि मग मी वर्षं मोजली. नानांना प्रयोगशाळेतून काढून सात वर्षं झाली. सात वर्षांत तशी मुलं यायची थांबली नसणार. ती माझ्याकडे आली. मी त्यांच्या जर्नलवर शेरे मारले, त्यांना उभं केलं, दोघांना तर नापास केलं. दोघांचे चेहरे मला आठवतात. नावं आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. माझा त्या वेळचा जबाब मी मागे घेते आहे, देवरे सरांवरचा ठपका काढावा. कारण लिहिलं, लीलाधरच्या परवानगीने. आत्ताचे प्राचार्य भले गृहस्थ आहेत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, गेलेल्या माणसाची फाईल आता कशाला उघडायची? आपण त्यांना किती सुंदर श्रद्धांजली वाहिली आहे." पोच मात्र दिली नाही. म्हणून हे इथे लिहिते आहे. आमच्या कॉलेजने वाहिलेली श्रद्धांजली खोटी आहे. ज्या गुणाचं कौतुक केलं, त्याच गुणासाठी नानांना शिक्षा केली गेली, आणि शिक्षा देणाऱ्यांत मी होते. ही माझी पोच.

या सत्रात मी प्रत्येक टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एक गुलाबी होणारी, एक निळी. वापरा कोणतीही, उत्तर तेच येतं, एवढंच सांगितलं. नानांची बाटली धुऊन, नव्याने भरून तिसऱ्या टेबलावर ठेवली. चिठ्ठी लावली नाही. विभागप्रमुखांनी विचारलं, हे दोन-दोन कशासाठी? मी म्हटलं, माझी मर्जी.

मग फळ्यावर चार ओळी लिहिल्या, बेसिनकडे गेले, मुलांकडे पाठ केली आणि नळ सोडला. पहिल्या दिवशी मान सारखी मागे वळू पाहत होती. कोण विचारतंय, कोणाला, हे बघायची इतक्या वर्षांची खोड. मी बेसिनची कडा धरून उभी राहिले. पाणी गार होतं. हळूहळू मागे कुजबुज सुरू झाली, स्टूल सरकलं, कोणीतरी हसलं. आणि मग तिसऱ्या टेबलाकडून काचेचं बूच निघाल्याचा बारीक आवाज आला. कोणत्या बाटलीचं, ते पाठमोरं कळत नाही. मी नळ आणखी थोडा मोठा केला.